सही कोणाची?

२ सप्टेंबर २०२४
आज पोळा. कालपासून मराठवाड्यात पावसाने कहर केलाय, ओढे-नाले भरून वाहताहेत. उद्याच्या प्रशिक्षणाला खेड्यापाड्यातले वैद्यकीय अधिकारी पोचणार कसे, याची धास्ती आहे.

दुपारी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नवा अभ्यासक्रम वाचला. न्यायवैद्यकशास्त्रात स्त्रियांचे समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त घातलेत. कौमार्याची व्याख्या, योनिपटलाचं महत्त्व, तेही परत आलंय. मद्रास उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर हे सगळं काढलं होतं ना! फार संताप आला. उद्या माझ्यासमोर बसणारे डॉक्टर हेच शिकून बाहेर पडलेत. त्यांना दोष तरी कसा देऊ?

३ सप्टेंबर
निम्मेच आले, तरी थांबले नाही. पहिलाच प्रश्न टाकला: बावीस वर्षांची अविवाहित मुलगी, सात आठवडे गरोदर, गर्भपातासाठी एकटीच आलीय. काय कराल?
“आईवडिलांना घेऊन ये म्हणू.”
“नाहीतर सही कोणाची घ्यायची, मॅडम?”
तिचीच. १९७१च्या गर्भपात कायद्यातच तसं आहे. पालकाची लेखी संमती लागते ती मुलगी अठराच्या आतली किंवा मानसिक आजारी असेल तरच. नवऱ्याची सही कायद्याने कधीच मागितलेली नाही, ती आपण मागत आलो. गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कलमात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असं होतं. २०२१च्या दुरुस्तीत ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ झालं. वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहितेलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ला स्पष्ट केलं.

मागच्या बाकावरचे एक जुने डॉक्टर शांतपणे म्हणाले, “कायदा समजला. पण रात्री तिचा भाऊ चार पोरं घेऊन आला, तर दवाखान्यात मी आणि एक सिस्टर.”
हाच खरा प्रश्न आहे आणि तो विचारायला धीर लागतो. त्यांना एकटं सोडून नुसतं संवेदनशीलतेवर बोलत राहणं मला पटत नाही. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव उघड केलं तर डॉक्टरलाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे कलम वाचून दाखवलं. हीच त्यांची ढाल. “मला सांगायला बंदी आहे,” एवढं तरी तोंडावर म्हणता येतं. रुग्णालय अधीक्षकांच्या सहीची तशी सूचना ओपीडीत लावायची आणि अडचणीच्या वेळी आधी अधीक्षकांना फोन करायचा, असं ठरलं. अधीक्षकांनी तिथेच आपला नंबर फळ्यावर लिहिला.

४ सप्टेंबर
दिवसभर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. सोळा-सतरा वर्षांची गरोदर मुलगी आली की पोलिसांच्या भीतीने तिला वरच्या दवाखान्यात पाठवतात. ती तिथे पोचतच नाही, कुठल्यातरी दुकानातून गोळ्या आणते आणि रक्तस्राव घेऊन परत येते. त्याच २०२२च्या निकालात यावर वाट आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यावी लागत नाही. कळवणं चुकत नाही, नाव राखता येतं. बहुतेकांना हे ठाऊकच नव्हतं. सगळ्यांनी मिळून पत्राचा नमुना लिहिला, निकालाचा संदर्भ घालून. प्रत्येकाने त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

५ सप्टेंबर
आयोगाने तो अभ्यासक्रम मागे घेतला! चहाच्या वेळी बातमी कळली. बरं वाटलं.

आज व्हीलचेअर वापरणाऱ्या एका ताईंना शिकवायला बोलावलं होतं. तपासणीचं टेबल त्यांच्या छातीएवढं उंच. त्या म्हणाल्या, “मी गरोदर असताना डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. जाऊबाईंना विचारलं, हिला झेपेल का?” मग चाकांचे ब्रेक लावून खुर्ची बुटक्या कॉटला तिरकी टेकवली आणि सिस्टरला म्हणाल्या, “काखेत हात घालू नका. कुठे धरायचं ते आधी मला विचारा.” सिस्टरने विचारलं. ताई कॉटवर सरकल्या, कुशीवर वळल्या. पाय रिकिबीत न अडकवता, कुशीवर झोपवूनही आतली तपासणी होते, हे दोन तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदाच ऐकलं.

१९९४मध्ये पुण्यात मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या काढल्या होत्या, पाळीची स्वच्छता जमत नाही म्हणून. ते मी सांगितलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांग बाईच्या स्पष्ट संमतीशिवाय तिचा गर्भपात करणं गुन्हा ठरवलंय. अपवाद फक्त तीव्र अपंगत्वाचा, तिथेही डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती लागते.

६ सप्टेंबर
उद्या गणपती बसणार, सगळ्यांना घरी जायची घाई. तरी एका डॉक्टरांनी अडवून विचारलं: ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉन घेत असेल, पाळी बंद असेल, तर गर्भ राहणार नाही ना? राहू शकतो. ते औषध गर्भनिरोधक नव्हे. गर्भाशयमुख असेल तर कर्करोगाची तपासणीही लागते. पण असा माणूस बायकांच्या रांगेत उभा राहील का? मग केसपेपर काढला. ‘पतीचे नाव’ हा रकाना खोडून ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ आणि ‘गरज पडल्यास कोणाला कळवायचे?’ असं लिहिलं. छपाई जिल्ह्याहून होते; तोवर शिक्का मारू, असं अधीक्षक म्हणाले.

१२ सप्टेंबर
रात्री मागच्या बाकावरच्या त्या डॉक्टरांचा फोन. एकवीस वर्षांची मुलगी, आठ आठवडे, सोबत फक्त मैत्रीण. “मैत्रिणीला बाहेर बसवून हिच्याशी एकटीशी बोललो. संमतीपत्रावर हिचीच सही. पहिली गोळी इथेच दिली.” मी दुसऱ्या गोळ्यांची वेळ पुन्हा विचारून घेतली आणि रक्तस्राव जास्त झाला तर काय करायचं ते तिला लिहून द्यायला सांगितलं. मुलगी वाचू शकते का, हेही विचारलं. ते म्हणाले, “वाचते. पण कागद घरी सापडेल म्हणते. मैत्रिणीच्या फोनवर चालेल का, विचारलं. हो म्हणाली.” चौदा दिवसांनी पुन्हा बोलावलंय.