बंद लखोटा

वडिलांचे मृत्युपत्र कचेरीतल्या झेरॉक्स यंत्राच्या काचेवर ठेवले, वकिलांचा ई-मेल पत्ता घातला आणि बटण दाबणार, तोच मनात पाल चुकचुकली. वाटेत कुणी वाचले तर? धाकट्या भावाला घराच्या वाट्यातून का वगळले, ते वडिलांनी त्यात स्वच्छ लिहिले होते.

यंत्रे सांभाळणारा पोरगा हसला. “काका, १९८२ साली या टपालाचे नियम ठरले तेव्हा सगळी पत्रे उघडीच जात. १९९९ साली ‘स्टार्ट-टीएलएस’ आले. आता यंत्र आधी सर्व्हरला विचारते, कुलूप आहे ना? दोघांत किल्ली ठरते, मगच कागद निघतो.”

“म्हणजे वकिलांच्या हाती पडेपर्यंत कुलूपबंद?”

“छे! कुलूप रस्त्यापुरते. प्रत्येक सर्व्हरवर ते निघते. पुढच्या टप्प्याला नवे. तेही तिथे असले तर.”

माझा चेहरा उतरला असावा. मग त्याने पीडीएफलाच परवलीचा शब्द घालून दिला. तो मी वकिलांना फोनवर सांगितला, दार लोटून, दबक्या आवाजात.

संध्याकाळी शिपाई आला. “साहेब, हा कागद काचेवरच राहिला होता.”

घडी हातात देताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.