विट्याहून खरसुंडीला : खिलाराच्या बापाची चौकशी

विटा गावात शिरले की यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो. खानापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. पाऊस इथे पूर्वापार हात राखून पडत आला, म्हणून इथल्या माणसाने पोटाच्या वेगळ्या वाटा शोधल्या. एक मागाची आणि दुसरी गलाईची. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी इथली माणसे पार हिंदुस्थानभर पांगली. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ पेठेत चौकशी करा, खानापूर-आटपाडीकडचा एखादा गलाईवाला बहुधा भेटतोच. पण या दोन्हींच्या आधीपासून या मुलखाने आणखी एक वाट धरली होती, ती खिलार जनावराची.

विट्यातून पूर्वेला निघालो, तर रेणावीचा रेवणसिद्ध लागतो आणि पुढे खानापूर. वाटेत द्राक्षाचे मांडव दिसतात. कृष्णेचे पाणी टेंभू योजनेने उचलून या बाजूला आणल्यापासून उसाची हिरवी पट्टीही दिसू लागली आहे. पाणी आले तसा गोठाही बदलला. दारात काळीपांढरी विलायती गाय, सकाळ-संध्याकाळ डेअरीची किटली आणि दहा दिवसांनी हातात पैसा. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मुलांच्या फिया त्यावर भरल्या जातात. खिलार गाय वासराला पाजून दोन-तीन लिटर देईल, तीही थोडे महिने. बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतले. मग खिलार राखायचे कोणी आणि कशासाठी?

याचे उत्तर खरसुंडीत मिळते. आटपाडी तालुक्यातले हे सिद्धनाथाचे गाव. पौषात इथे यात्रा भरते आणि यात्रेबरोबर खिलार जनावरांचा बाजार. माळभर दावणी पडतात. पांढरी, कोसा, काजळी अशी रंगांची जनावरे, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे, अंगासरशी बसलेली कातडी, घट्ट वशिंड. आदत, दुसा, चौसा असा वयाचा पुकारा चाललेला असतो आणि भाव अजूनही उपरण्याखाली बोटे दाबून ठरतो. नवख्याला वाटावे, दोघे जण नुसते हातात हात घालून उभे आहेत!

एका देखण्या दुश्या खोंडापाशी मी थांबलो. मालकाने एका नामांकित शर्यतीच्या बैलाचे नाव घेतले, हा त्याचाच म्हणाला. चार दावणी सोडून पुढे गेलो तर तिथेही त्याच बैलाचा आणखी एक लेक उभा! ‘कशावरून?’ असे विचारताच शेजारचे म्हातारबाबा हसले. ‘‘पावणं, बाप इचारून काय करता? चाल बगा की!’’

चाल तर बघायचीच. या मुलखाची नजर मोठी पारखी आहे. औंध संस्थानाच्या काळापासून आटपाडी महालाचा खिलार आणि माण भागातला म्हसवडचा खिलार असे भेद इथल्या माणसाने नजरेनेच राखले. पण सोन्याचा कस लावण्यात ज्यांची हयात जाते, त्यांच्याच गावात बैलाचा बाप मात्र ऐकीव राहावा, याची मला मौज वाटली.

आणि मौजेपेक्षा काळजी जास्त. शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा खोंडाला गिऱ्हाईक राहिले नव्हते. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, आणि छकडे पुन्हा पळू लागले. खिलाराला आज जो भाव आहे तो मुख्यतः शर्यतीचा. त्याचा परिणाम असा की दहा गावच्या गायी एकाच गाजलेल्या वळूकडे जातात. त्याच्या लेकी त्याच्याच लेकांना दाखवल्या गेल्या, तर रक्त जवळ येते. जवळच्या रक्तात दडलेले दोष वर येतात : वासरू अशक्त निपजते, कालवड उलटत राहते. आणि बापच ठाऊक नसेल, तर हे टाळायचे तरी कसे?

इथे आपल्याच सांगलीची एक गोष्ट सांगायला हवी. कृष्णाकाठच्या काळ्या चिकट रानात नांगर ओढायला दांडगा बैल हवा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगलीचे राजेसाहेब आणि आसपासच्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, काँक्रेज आणि म्हैसूरकडची जनावरे यांच्या संकरातून एक जात घडवली. तिला ‘कृष्णाकाठी’ किंवा ‘कृष्णा खोरे’ म्हणतात. ही जनावरे समुद्रापार गेली. अमेरिकेच्या दक्षिण भागात उन्हाने आणि गोचिडाने विलायती गुरे बेजार होत, तिथल्या लोकांनी गीर, काँक्रेज, ओंगोल यांच्यासोबत हे कृष्णाकाठचे रक्तही घेतले आणि मांसासाठी ‘ब्राह्मन’ नावाची जात उभी केली. 1924 साली त्यांचा पैदासकारांचा संघ निघाला. वासरू जन्मले की बापाचा आणि आईचा क्रमांक वहीत. पुढे रक्तगटावरून ही नोंद पडताळू लागले, आता जनुकांवरून पडताळतात. कृष्णाकाठचे रक्त तिकडे वहीत टिकले, आणि इकडे ती जात सीमाभागात थोडकी उरली आहे.

आपल्याकडे मांसासाठी गोवंश वाढवण्याचा प्रश्न नाही. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. खिलाराचे मोल ओढीत, चपळाईत आणि कमी चाऱ्यावर, उन्हात टिकण्यात आहे. पण नोंद ठेवण्याची ती रीत घ्यायला कुणाची हरकत असू नये.

जनुक तपासणी हा शब्द मोठा, काम समजायला सोपे. शेपटीचे मुळासकट उपटलेले चार केस किंवा थोडे रक्त पुरते. वासराच्या अंगात प्रत्येक खुणेची जोडी असते, एक खूण आईकडची, एक बापाकडची. आईची खूण बाजूला काढली की उरलेली बापाची. सांगितलेल्या वळूत तशी खूणच नसेल, आणि असे एकाहून अधिक ठिकाणी आढळले, तर तो बाप नव्हे, हे नक्की होते. दुसरी तपासणी गुणसूत्रांची. गायीबैलांत ती 60, म्हणजे 30 जोड्या. कधी दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटलेली असतात. असा वळू दिसायला झकास, पण त्याच्यापासून गायी कमी गाभण राहतात. शिवाय देशी वळूच्या नर गुणसूत्राची घडण विलायतीपेक्षा वेगळी असते. रंगाने पांढराशुभ्र खिलार दिसणाऱ्या वळूच्या बापाच्या वंशात विलायती वळू होता की काय, हे त्यावरून उघड होते. आईच्या बाजूची भेसळ मात्र त्यात दिसत नाही. गोठित रेत तयार करणाऱ्या केंद्रांत वळू घेण्याआधी गुणसूत्रांची तपासणी करण्याचा नियम आहे. गावच्या वळूला कोण विचारतो?

5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिम येथे देशी गायींसाठी ‘गौचिप’ जाहीर झाली. एका नमुन्यातून हजारो खुणा एकदम वाचायच्या, असे ते साधन. पण खुणा वाचून ‘हा वळू चांगला’ म्हणायला आधी पुष्कळ जनावरांची टिपणे लागतात : आई किती दूध देते, कालवड कितव्या महिन्यात माजावर आली, खोंडाची वाढ कशी, ओढ कशी. परदेशात दुधाची आणि वजनाची टिपणे पिढ्यान् पिढ्या साठली आहेत. खिलाराची ओढ आणि चाल आपण कधी मोजून लिहिलीच नाही. ती म्हातारबाबांच्या नजरेत आहे आणि नजर काही प्रयोगशाळेत पाठवता येत नाही.

तेव्हा सुरुवात घरातूनच व्हायची, आणि माझा भरवसा घरच्या बायकांवर अधिक आहे. विट्याजवळच्या एका वस्तीवर स्वयंपाकघरातले कॅलेंडर पाहिले. गाय दाखवल्याची तारीख, उलटल्याची खूण, व्यायल्याचा दिवस, सारे दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने लिहिलेले. ‘‘वळूचं नाव न्हाई का लिवत, काकी?’’ म्हटले, तर ‘‘त्ये गड्यास्नी ठावं,’’ म्हणाल्या. कृत्रिम रेतन केले असेल तर रेताच्या नळीवरच वळूचा क्रमांक छापलेला असतो. डॉक्टर गेले की ती नळी उकिरड्यात जाते. ती उचलून क्रमांक तारखेपुढे लिहावा. नैसर्गिक फळवले असेल तर वळूच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे 12 आकडे लिहावे, कारण नाव एकाच वळूचे चार गावांत चार असते. वासराला बिल्ला मारला की त्याचाही आकडा शेजारी. उद्या तपासणी करायची झाली तर नेमक्या कोणत्या वळूशी ताडून पाहायचे, हे त्यावरून कळेल. आणि वर्ष संपल्यावर कॅलेंडरची ती पाने चुलीत न घालता दोऱ्यात ओवून खुंटीला टांगावी.