रायगडाला नवे छप्पर नको

रायगडावरचा राजवाडा पुन्हा उभा करावा, ही इच्छा मराठी मनात वेळोवेळी उचल खाते आणि ती प्रेमापोटीच येते. ६ जून १६७४ रोजी जिथे शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, तिथे आज उघडी जोती आणि गवत पाहून कोणाचा जीव कळवळणार नाही? तरीही गड जपणे आणि गड नव्याने बांधणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्याच्या मुळावर येते, असे माझे ठाम मत आहे.

उरलेले जोते हा पुरावा असतो. जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्ये हाती आलेल्या रायरीच्या डोंगरावर हिरोजी इंदुलकरांनी राजधानी घडवली. गडावरच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर त्यांचे नाव आजही वाचता येते. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला, पुढे मराठ्यांकडे परतला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली, वाड्यांचे लाकूडकाम जळाले, दगड तेवढे राहिले. म्हणजे आपल्यासमोर आहे तो शिवकाळ आणि त्या काळावर झालेला घावही. नवा वाडा उभारला तर घाव झाकला जाईल, पण शिवकाळ काही परत येणार नाही. बाजारपेठेचेच पाहा. समोरासमोरच्या दोन लांबलचक ओळी, मध्ये रुंद रस्ता, उंच जोती. घोड्यावर बसूनच खरेदी व्हायची, असे वाटाडे सांगतात. ही मुळात बाजारपेठ होती का, अशी शंका काही अभ्यासक घेतात. या ओळींवर छपरे चढवून दुकाने थाटली असती तर हा प्रश्न कायमचा बुजला असता. २०२१ मध्ये गडावरच्या उत्खननात सोन्याची बांगडी मिळाली. नव्या इमारतीचा पाया खणला की अशा मातीचे थरच उलथेपालथे होतात.

यावर वॉर्साचे उदाहरण दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेले ते जुने शहर पोलिश लोकांनी पुन्हा बांधले आणि १९८० मध्ये ते जागतिक वारसा यादीतही गेले. पण त्यांच्याजवळ मोजमापाचे नकाशे होते, चित्रकार बेलोत्तोची बारकाव्याने रंगवलेली चित्रे होती आणि शहर पाहिलेली माणसे हयात होती. रायगडाच्या वाड्यांचे असे नकाशे आपल्याजवळ नाहीत. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने राज्याभिषेकाचा वृत्तांत लिहिला, पण वृत्तांतावरून खांबांची उंची किंवा छपराचा उतार ठरत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: नुसत्या दगडांवरून मुलांना काय कळणार? त्यांना कळले पाहिजेच. त्यासाठी पायथ्याशी संग्रहालय असावे, चित्रे आणि प्रतिकृती असाव्यात, वाटाड्यांना नीट प्रशिक्षण मिळावे. तिथे कल्पनेने रंग भरा, चुकले तर पुसता येतो. गडावर ओतलेले काँक्रीट पुसता येत नाही. महाराजांची समाधी आणि जगदीश्वर यांची गोष्ट वेगळी. ती श्रद्धेची जागती स्थाने आहेत. टिळकांनी १८९५ पासून समाधीसाठी लोकवर्गणीची चळवळ उभी केली ती योग्यच होती, कारण तिथे मूळ जागा आणि चौथरा शिल्लक होता.

मग काहीच करायचे नाही का? उलट, पडका गड जपायला बांधकामाहून जास्त चिकाटी लागते. कोकणच्या तोंडावरचा हा डोंगर चार महिने पाऊस झेलतो. पाणी भिंतीच्या पोटात शिरते, फटीत पिंपळ-उंबर रुजतो, मुळे चिरे ढकलतात. घाईत सिमेंट थापले की आतली ओल कोंडते. चुना ती बाहेर सोडतो आणि भिंतीबरोबर थोडा हलतोही. हत्ती तलावाचा गाळ काढून गळती थांबवली गेली आणि तिथे पुन्हा पाणी ठरले. डोळ्यांत न भरणारे, पण खरे जतन हे असे असते. जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे गर्दी आणि उत्साह दोन्ही वाढतील. म्हणून गडप्रेमींना एकच विनंती: गडासाठी निधी मागाल तेव्हा आधी पाणी काढून देणाऱ्या चरांसाठी, चुन्याच्या घाण्यासाठी आणि ते काम जाणणाऱ्या गवंड्यांच्या मजुरीसाठी मागा.