चंचल चित्त आणि खेळाचें औषध

लक्ष उडणें हा बालपणाचा धर्मच होय. परंतु कांहीं मुलांच्या ठायीं तो हट्ट नसून मेंदूच्या घडणीचा भाग असतो, ही गोष्ट अद्यापि पुष्कळांच्या मनावर ठसलेली नाहीं. आमचा नऊ वर्षांचा धाकटा बंधु भाट्याच्या पुळणींत खेकड्याच्या बिळापाशीं तासभर निश्चल बसतो. पण गणिताचें एक उदाहरण त्याच्यानें पुरें होत नाहीं. वैद्यांनीं तपासून अवधानाची न्यूनता असें निदान केलें. लोक मात्र त्यास 'वांड' म्हणतात. बुद्धीनें धड असूनहि स्वतःस आवरूं न शकणाऱ्या मुलांविषयीं डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं लंडन येथें १९०२ सालींच व्याख्यानें दिलीं होतीं!

अशा मुलांस संगणकावरील खेळ औषधादाखल देतां येईल काय? अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें जून २०२० मध्यें 'एंडेव्हर आरएक्स' नामक खेळास ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीं, वैद्याच्या चिठ्ठीवर देण्याची अनुज्ञा दिली. त्यांत वाहन हांकीत असतांच समोर येणाऱ्या वस्तूंपैकीं नेमक्या टिपावयाच्या व बाकीच्या सोडावयाच्या असतात. मूल सरावलें कीं खेळ अवघड होतो. चुकूं लागलें कीं सोपा होतो. ३४८ मुलांना दोन गटांत विभागून त्याची कसोटी झाली: दिवसास सुमारें २५ मिनिटें, आठवड्यास ५ दिवस, असे ४ आठवडे. शब्दांचा निराळा खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षां ह्या मुलांची एकाग्रता संगणकीय परीक्षेंत अधिक सुधारली. परंतु आईबापांनीं सांगितलेल्या लक्षणांत दोन्ही गटांत विशेष अंतर दिसलें नाहीं.

ह्या शेवटल्या गोष्टींतच रचनाकारास खरा धडा आहे. पडद्यावर कमावलेलें लक्ष वहींत उतरलें पाहिजे.

आम्ही संगणकाचे धडे घेत आहों, आणि बंधूकरितां एक लहानसा खेळ रचावा असें मनांत आहे. नमुना म्हणून आजीचे सागरगोटे आमच्यापुढें आहेत. एक गोटा वर उडवून खालचा एक उचलावयाचा, मग दोन, मग तीन. पहिली पायरी साधल्यावांचून दुसरी नाहीं. चुकल्यास कोणी रागावत नाहीं, केवळ डाव दुसऱ्याकडे जातो. आजीसमोर हा 'वांड' मुलगा डावामागून डाव पुरे करितो. बाजारी खेळ मुलास धरून ठेवण्यासाठीं रचिलेले असतात; उपचाराचा खेळ वेळ होतांच त्यास सोडून देणारा हवा, आणि नंतर तेवढ्याच पायऱ्यांनीं गणिताकडे नेणारें कोणी माणूस जवळ हवें.

असा खेळ वैद्याची किंवा शिक्षकांच्या धीराची जागा घेणार नाहीं. पण आरंभिलेलें कार्य आपल्या हातून पुरें होतें, हा अनुभव अशा मुलास रोज एकदां यावा, एवढें त्यापासून आम्ही इच्छितों. आमच्या विद्यार्थिबंधूंस एकच विनंति: शेजारच्या बांकावरील चुळबुळ्या मुलास नांव ठेवण्यापूर्वीं, त्याचें लक्ष कोठें रमतें हें एकदां विचारावें.