हरत्या संघाचे वकीलपत्र

जिंकणाऱ्या संघाचे कौतुक करण्यास माणसापाशी फारसे काही असावे लागत नाही. हरणाऱ्या संघाचा कैवार घ्यावयाचा तर मात्र दोन गोष्टी लागतात. एक, चारचौघांचे हसणे सोसण्याची तयारी. आणि दुसरी, आपला संघ का हरतो याविषयी ठाम मते. पहिली गोष्ट आम्ही धंद्याने कमावली आहे. पडत्या दाव्यात जो उभा राहिला नाही, त्याला वकिली ती काय कळली? दुसरी आमच्यापाशी उपजतच आहे. तेव्हा प्रो कबड्डी लीगमधील बेंगळुरू बुल्स या संघाचे वकीलपत्र आम्ही कोणी न विचारता घेतले आहे. अशिलाची बाजू मांडता मांडता त्याला चार शब्द सुनावण्याचा वकिलाचा जुना हक्कही राखून ठेवला आहे.

येथे आमच्या कडोलीचा वाचक लगेच उठून विचारील, की अहो वकीलसाहेब, तुम्ही मराठी. गावात साहित्य संमेलन भरते ते मराठीचे. अंतराने पाहिले तरी पुणे जवळ आणि बेंगळुरू लांब. मग पुण्याची पलटण आणि मुंबईचा यू मुंबा सोडून हे बेंगळुरूचे बैल तुम्हांला कोठून आवडले? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की आमच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो आणि आमची कीर्तने मराठीत होतात. १९५६ पासून आम्ही सीमाभागातील माणसे ही दोन्ही कामे सारख्याच सवयीने करीत आलो आहो. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याचा निकाल लागेपर्यंत आम्ही कबड्डीचा संघही प्रलंबित ठेवावा की काय?

खरे कारण मात्र याहून साधे आहे. २०१५ च्या हंगामाचा अंतिम सामना मुंबई आणि बेंगळुरू यांत झाला व मुंबईने तो ३६–३० असा जिंकला. दूरदर्शन संचासमोर बसलेली सारी मंडळी आनंदली. आमचे लक्ष मात्र हरलेल्या गड्यांच्या चेहऱ्यांकडे गेले आणि तेथेच राहिले. निष्ठा अशीच जडते. तिला आधी विचारपूस करण्याची सवय नसते. पुढे ५ जानेवारी २०१९ रोजी, मुंबईतच, याच संघाने गुजरातला ३८–३३ असे नमवून अजिंक्यपद मिळवले. पवन सेहरावत या एकट्या गड्याने त्या सामन्यात २२ गुण आणले. त्या रात्री आमच्या घरी साखर वाटली गेली, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

आता दुःखाची कथा. २०२४ च्या हंगामात आमचा संघ २२ सामने खेळला. त्यांत २ जिंकला, १ बरोबरीत सोडवला आणि १९ हरला. बारा संघांत त्याचा क्रमांक बारावा आला. त्याच्या आदल्याच हंगामात पुण्याने २२ सामन्यांत अवघे २ गमावले होते आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८–२५ असे हरवून चषक नेला होता. म्हणजे पुण्याचे जितके पराभव, तितकेच आमचे विजय! गावातील पुणेकर पक्षाने हा हिशेब आम्हांला किती वेळा ऐकवला, ते सांगण्यात अर्थ नाही.

हे का घडले? प्रदीप नरवाल हे नाव कबड्डीच्या रसिकांना सांगावयास नको. २०१५ साली याच बेंगळुरू संघातून तो या स्पर्धेत उतरला. पुढे पाटण्यास जाऊन तो लागोपाठ तीन अजिंक्यपदांचा शिल्पकार झाला. २०१७ च्या एका हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले. त्याच वर्षी हरियाणाविरुद्ध एका चढाईत समोरचे सहाच्या सहा गडी टिपून ८ गुण आणले. २०२४ च्या लिलावात आमच्या संघाने त्याला ७० लाखांना परत घरी आणले व कर्णधार केले. त्याच लिलावात महाराष्ट्राच्या अजिंक्य पवारवर सुमारे १ कोटी ११ लाखांची बोली लावली. नावे मोठी होती. बातमी वाचून आम्हीही सुखावलो होतो. पण १८ ऑक्टोबरला हैदराबादेस पहिलाच सामना तेलुगू टायटन्सने ३७–२९ असा जिंकला आणि उताराला लागलेली ती गाडी मग कोणाला थांबवता आली नाही.

आमचे मत असे आहे, की ही चूक मैदानावर घडली नाही. ती लिलावाच्या मेजावर घडली, आणि कबड्डीचा अगदी मूळ नियम विसरल्यामुळे घडली. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना हा खेळ हुतूतू म्हणून आठवत असेल. त्यांना तरी हा नियम समजावून सांगण्याचे कारण नाही. इतर बहुतेक खेळांत बाद झालेला गडी बाद होतो आणि त्याचा विषय मिटतो. कबड्डीत तो बाहेर बसून राहतो आणि वाट पाहतो. सोबत्याने चढाईत कोणाला टिपले किंवा मागच्यांनी पकड केली, की त्या गुणागणिक बाहेरचा एकेक गडी जिवंत होऊन आत येतो. बोनस गुणाने फलकावरचा आकडा वाढतो, पण त्याने कोणी जिवंत होत नाही. म्हणजे कितीही थोर चढाईपटू असो, एकदा पकडला गेला की त्याला स्वतःच्या पराक्रमाने परत येता येत नाही. त्याला उठवणारे हात दुसऱ्यांचे असावे लागतात.

आता एकाच गड्यावर उभारलेल्या संघाची अवस्था पाहा. प्रतिपक्षाला साती गड्यांचा विचार करावाच लागत नाही. त्या एकाला कोपऱ्यात गाठायचे, बाकावर बसवायचे, आणि मग तो बाहेर राहील अशा बेताने खेळायचे. उरलेल्यांना दोन निष्फळ चढायांनंतर तिसरी चढाई करावी लागते. तीत गुण आणला नाही तर चढाई करणारा स्वतःच बाद. ते काम पडते एखाद्या नवख्या पोरावर, ज्याची कोणी तयारीच करून घेतलेली नसते. पाहता पाहता लोण चढते. त्या हंगामात नितीन रावलने पकडीत शर्थ केली, हे कोणीही मान्य करील. पण मागच्या फळीने कितीदा म्हणून बाहेरच्यांना उठवावे? पालखी एका खांद्यावर काही पावले चालते. डोंगर चढत नाही.

हे आमचे नुसते मत नव्हे, साक्षीपुरावा आहे. २०२२ साली तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख देऊन घेतले. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. सर्वांना वाटले, हा संघ बुडाला. झाले ते उलट! नरेंदर आणि त्याच्या जोडीने याच अजिंक्य पवारने भार उचलला आणि तो संघ इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढच्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने त्याच पवनला २ कोटी ६० लाखांच्या वर देऊन नेले. तो खेळला, गुणही पुष्कळ आणले, आणि त्याचा संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाला राहिला. मोठ्या गड्यावाचून चाललेला एक संघ, आणि मोठा गडी असून न चाललेला दुसरा. याहून चांगली साक्ष कोणत्या वकिलाला मिळते?

प्रतिपक्षाचे वकील येथे हरकत घेतील. ते म्हणतील, पुण्यानेही विजेतेपदाच्या वर्षी इराणच्या महंमदरेझा शाद्लूवर २ कोटी ३५ लाख ओतलेच ना? ओतले, आम्ही ते नाकारीत नाही. पण क्रम पाहा. पुण्याने आधी ‘युवा पलटण’ या नावाने तरुण गडी घडवण्याची व्यवस्था लावली. असलम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते ही महाराष्ट्राच्या मातीतली पोरे त्यांनी जपली, त्यांना हरू दिले, शिकू दिले. मग शाद्लू आला. देवळाचा पाया, भिंती, शिखर झाल्यावर कळस चढवावा, तो शोभतो. आमच्या संघाने कळस आधी आणला आणि तो ठेवण्यास जागा शोधीत हिंडला.

व्यवस्थापनाचा विषय निघाला म्हणून आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. देवाची आणि कबड्डी संघाची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही, हे देवस्थानच्या वाचकांनी कृपया ध्यानी घ्यावे. हिंदू विधीत देव ही कायद्याने मान्य केलेली व्यक्ती आहे. पण तो स्वतः कोर्टात येऊन बोलत नाही, म्हणून त्याची वहिवाट कोणी तरी पाहावी लागते. वहिवाटदारच देवाच्या हिताविरुद्ध वागू लागला, तर साध्या भक्तालाही देवाच्या वतीने दावा लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली विश्वनाथ विरुद्ध श्री ठाकूर राधावल्लभजी या खटल्यात सांगितले आहे. सार्वजनिक विश्वस्तनिधीत हितसंबंध असलेल्या दोघांना तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९२ कोर्टाच्या परवानगीने थेट दार उघडून देते. म्हणूनच गावच्या पंच कमिटीला वर्षाकाठी हिशेब वाचून दाखवावा लागतो, आणि मागच्या रांगेतील म्हातारा उठून “तेलाचा खर्च एवढा कसा?” असे विचारू शकतो.

कबड्डीच्या भक्ताला असे कोणतेही कलम नाही. संघ ही खासगी मालमत्ता. गडी कोणता घ्यावा, कोणता सोडावा, हे मालक ठरवणार. इतकेच काय, उत्सवमूर्तीचे दर्शन कोठे व्हावे हेही त्याच्या हाती नाही. २०२४ चे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे झाले. २०२५ चे विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे. बेंगळुरूच्या संघाचा एकही सामना दोन वर्षे बेंगळुरूत झाला नाही! पंढरीची वारी पंढरी वगळून व्हावी, तसाच हा प्रकार. आपल्या माणसांचा आवाज कानी न पडता हे गडी एकोणीस वेळा हरले, याचे आम्हांला त्या पराभवांहून अधिक वाईट वाटते.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २०२५ साली संघाची सूत्रे बी. सी. रमेश यांच्याकडे आली. हे कर्नाटकाचेच, पुण्याला २०२४ चा चषक मिळवून देणारे मार्गदर्शक तेच. आमच्या मातीतला माणूस आधी पुण्यास शहाणे करून मग घरी आला. त्या हंगामात पहिलीच गाठ पुण्याशी पडली. सामना बरोबरीत सुटला आणि जादा चढायांत पुणे सरस ठरले. पण संघ सावरला, अलिरेझा मिर्झाइयान या इराणी गड्याने चढाई गाजवली, आणि तळाला गेलेला संघ बाद फेरीत पोचला. आमच्या मताला याहून अधिक बळकटी नको.

मात्र एक शल्य राहिले. २०२५ च्या लिलावात प्रदीप नरवालवर कोणीही बोली लावली नाही, आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. एका हंगामात ३६९ गुण आणणाऱ्याच्या वाट्याला शेवटी शांत बसलेली मेजे आली. सर्व भार ज्या खांद्यावर ठेवला जातो, सर्व दोषही त्याच खांद्यावर येतो. एकोणीस पराभव एका माणसाचे नसतात. ते ज्यांनी त्याच्या भोवती संघ उभा केला नाही त्यांचेही असतात. पण लिलावात किंमत फक्त गड्याची ठरते, व्यवस्थापनाची ठरत नाही. बाद झालेल्या गड्याला सोबत्यांनी उठवावे हा ज्या खेळाचा धर्म, त्या खेळात एवढा मोठा गडी बाहेर बसून राहिला आणि त्याला उठवण्यास कोणाचा हात पुढे आला नाही, हे आम्हांला फार लागले.

दाव्याच्या शेवटी मागणीचे कलम असते. तेवढे लिहून आम्ही थांबतो. पहिली मागणी, चढाईला नेहमी तिघे तयार असावेत, म्हणजे एक बाहेर बसला तर उठवणारे दोघे मैदानात राहतील. दुसरी, कर्नाटकातील गडी या संघात फारसे दिसत नाहीत. तरी निवड करणाऱ्यांनी कधी बेळगावकडील जत्रांतील आणि गणेशोत्सवातील सामने येऊन पाहावेत. तेथे चढाई करणारा पोरगा मराठीत ओरडतो की कन्नडमध्ये, याने दम वाढत नाही की तुटत नाही. तिसरी, वर्षातून निदान आठवडाभर तरी बेंगळुरूच्या संघाने बेंगळुरूस खेळावे. आम्ही रात्रीच्या गाडीने येऊ. दाव्याचा खर्च आमचा आम्ही सोसू.