जुना लॅपटॉप आणि तीनशे रुपयांची विंडोज

थोरलीने बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि घरात संगणकाचा विषय निघाला. मोबाइलवर नोट्स वाचून तिचे डोळे दुखायचे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला दर वर्षी कॅफेत रांग लावायची, आणि तो भरून झाला की घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक त्या कॅफेवाल्याच्या संगणकात राहून जायचं. नवा लॅपटॉप घ्यावा इतकी ऐपत नव्हती. शेवटी गेल्या नोव्हेंबरात मिरजेहून सांगलीला जाऊन आम्ही जुना घेतला. एका कचेरीतून बाहेर पडलेला, २०१६ सालचा, सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. साडेअकरा हजार रुपये. बॅटरी दीड तास टिकते असं दुकानदार म्हणाला होता. ती पन्नास मिनिटं टिकते. असो.

पैसे मोजून झाल्यावर त्याने विचारलं, "भाभी, विंडोज ११ टाकून देऊ का? फक्त तीनशे रुपये. ऑफिस, फोटोशॉप, टॅली, सगळं फुल व्हर्जन."

आम्ही हो म्हणणारच होतो. खरं सांगायचं तर आमचा आधीचा संगणक दहा वर्षं अशाच विंडोजवर चालला होता आणि त्याबद्दल घरात कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. पण त्या दिवशी अब्बा सोबत होते. त्यांना खरं तर चष्म्याची काच बदलायची होती, म्हणून ते आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सारी नोकरी केलेला माणूस, प्रश्न विचारायची सवय जात नाही. म्हणाले, "बेटा, हे तीनशे रुपये कंपनीला जातात का?"

"कंपनीला कुठले, चाचा! ही आमची मेहनत."

"मग कंपनीची इजाजत आहे?"

दुकानदार हसला. "चाचा, सगळेच टाकतात."

ते खोटं नव्हतं. अब्बाही पुढे काही बोलले नाहीत, रागावले तर मुळीच नाहीत. पण त्यांच्यासमोर हो म्हणायचा आम्हाला धीर झाला नाही. आहे तसा लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघालो. थोरली एसटीत खिडकीबाहेर बघत बसली, मिरज येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

'आहे तसा' म्हणजे काय, ते रात्री कळलं. इशाची नमाज झाल्यावर सगळे भोवती जमले, लॅपटॉप सुरू केला, तर पडद्यावर आधीच्या मालकाचं घरच उघडं पडलेलं. पगाराच्या पावत्या, घरकर्जाची कागदपत्रं, एका फोल्डरवर 'मुंजीचे फोटो' असं नाव. कचेरीने तो कुणा कर्मचाऱ्याला वापरायला दिला असावा आणि जाताना कुणी काही पुसलं नसावं. धाकट्याने बोट पुढे केलं तसं अम्मीने त्याच्या हातावर चापट मारली. "लोकांच्या घरात डोकावतोस?" दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, डिलीट मारून टाका.

आमचा भाचा पॉलिटेक्निकला आहे. दुसऱ्या दिवशी तो आला आणि त्याने सांगितलं की नुसतं डिलीट केल्याने फाइल जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं जातं, पानं तशीच राहतात, आणि ती परत वाचून देणारे प्रोग्रॅम सहज मिळतात. पानंच कोरी करायची तर डिस्कवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्यं लिहावी लागतात. ५०० जीबीच्या त्या डिस्कवर ते काम दोन तास चाललं. ज्यांच्या घरची मुंज होती त्यांना हे कधी कळणार नाही, पण आम्हाला त्या रात्री बरं झोप लागली. आमचीही कागदपत्रं आता कुठेतरी ठेवायची होती, आणि ज्या कॅफेत ती वर्षानुवर्षं पडून आहेत तिथे असं कुणी केलं असेल असं वाटत नाही.

डिस्क कोरी झाली म्हणजे विंडोजही गेली. आता त्यात काय टाकायचं यावर घरात आठवडाभर वाद चालला.

विंडोज ११ सरळ मार्गाने बसणारच नव्हती. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, अशा तिच्या अटी आहेत. आमचा सहाव्या पिढीचा. म्हणजे दुकानदार ही तपासणी चुकवून ती घुसवणार होता, आणि वर परवाना आहे असं भासवणारी एक फाइल चालवणार होता. भाचा म्हणाला, ती फाइल चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्यावर अम्मी म्हणाली, "कुलूप बसवायला आलेला माणूस म्हणतो, आधी कुत्रा बांधून ठेवा. कोण ठेवेल?" आणि आम्ही तर याच यंत्रावर बँकेचं पासबुक स्कॅन करणार होतो. तीनशे रुपयांत नेमकं काय विकत मिळत होतं ते तेव्हा कळलं.

मग एक अशी गोष्ट समजली की हसावं की रडावं. या लॅपटॉपला स्वतःची विंडोज होती! कारखान्यातून निघताना विंडोज १० प्रोचा परवाना त्याच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये नोंदवलेला, पहिल्या खरेदीच्या वेळीच पैसे भरलेला, आणि यंत्राबरोबरच पुढे जाणारा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० उतरवून घेतली की ती किल्ली विचारतसुद्धा नाही, चिपमधून वाचून घेते. जुना लॅपटॉप घेणाऱ्या कुणालाही आम्ही आता पहिल्यांदा हेच सांगतो. दुकानदाराला ठाऊक नसेल असं नाही. पण त्यात त्याचे तीनशे रुपये नव्हते.

अडचण एवढीच की विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापराच्या संगणकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यानंतर नवं भोक पडलं तर बुजवायला कुणी येणार नाही. थोरलीचं तिसरं वर्ष त्याच्या पुढे जाणार.

म्हणून लिनक्स. भाच्याने दोन पेन ड्राइव्ह तयार करून आणले, एकावर उबुंटू, दुसऱ्यावर मिंट. गंमत अशी की ते डिस्कवर न बसवता नुसत्या पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतात. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, सगळं आधी पाहायचं, नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. उबुंटूत खिडक्यांची रांग डाव्या कडेला उभी. अम्मीला ते काही जमलं नाही. मिंटमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, जुन्या विंडोजसारखाच. तिथेच मत पडलं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार, हेही हिशेबात बसत होतं.

अब्बांना मात्र 'फुकट' या शब्दाचा संशय. "हेही तसलंच नाही ना?" भाच्याने समजावलं. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने याचा गाभा लिहायला घेतला, पुढे जगभरच्या लोकांनी भर घातली, आणि त्याच्या परवान्यातच लिहिलेलं आहे की वापरा, आत कसं आहे ते पाहा, बदला, दुसऱ्याला नक्कल द्या. अब्बांनी शेवटचं पुन्हा विचारलं. "नक्कल द्यायची इजाजत लिहून दिली आहे?" लिहून दिली आहे म्हटल्यावर ते उठून दिवाणावर जाऊन पडले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

थोरलीच्या लेखी नव्हता. "इजाजत ठीक आहे," ती म्हणाली, "पण परीक्षेत मिंट विचारत नाहीत, टॅली विचारतात." टॅली विंडोजवरच चालते. लिनक्सचे भक्त सांगतात की विंडोजवरचं सगळं लिनक्सवर होतं. तसं होत नाही, आणि तसं सांगून मुलीचा अभ्यास बुडवण्यात काही पुण्य नाही. आम्ही दोघं आणि अब्बा तत्त्वाच्या गोष्टी करत होतो, लॅपटॉप मात्र तिच्यासाठी आणला होता. हे तिने रडून सांगावं लागलं याची थोडी लाज वाटली.

तोडगा निघाला तो असा. जुन्या डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी घातली. (लॅपटॉप सुरू व्हायला आधी जी दोन-तीन मिनिटं लागायची ती आता काही सेकंदांवर आली, आणि ही करामत एसएसडीची आहे, विंडोजची किंवा लिनक्सची नाही. पैसे कुठे तरी घालायचेच असतील तर आधी इथे घाला.) त्यात आधी विंडोज १० बसवली, ऐंशी जीबीच्या भागात, लॅपटॉपच्या स्वतःच्या परवान्यावर. हा क्रम पाळावा. उलट केलं तर विंडोज दुसऱ्याचा दरवाजा झाकून टाकते. ती एकदा इंटरनेटला जोडून परवाना मंजूर झाला, टॅली उतरवून घेतली, आणि मग तिच्यातलं वाय-फाय कायमचं बंद केलं. बाहेर जाणं नाही, त्यामुळे बाहेरून येण्याचं भयही फारसं नाही. उरलेल्या जागेत मिंट. सुरू करताना पडद्यावर दोन नावं येतात, हवं ते निवडायचं. कोरी केलेली जुनी डिस्क बाहेरच्या डबीत घालून घरच्या कागदपत्रांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवतो.

तीन महिने झाले. शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर घरी बसून भरला, स्कॅन लहान करून. मराठीसाठी इन्स्क्रिप्टचा कळफलक मिंटमध्ये होताच. अब्बांनी नस्तालीक फॉन्ट घालून घेतला आणि आता ते आपल्या वडिलांच्या आठवणी उर्दूत टंकत बसतात, एका बोटाने, दिवसाला पाच-सहा ओळी. कॉलेजने दिलेला प्रकल्पाचा नमुना लिबरऑफिसमध्ये उघडला तेव्हा त्यातला तक्ता पार विस्कटला. थोरलीने तो नव्याने आखून पीडीएफ करून दिला, आणि त्या संध्याकाळी ती आमच्याशी जरा कमीच बोलली. घरातला जुना प्रिंटर मिंटला अजून ओळख देत नाही. पानं काढायची तर पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो.

टॅलीचीही फुल व्हर्जन घेतली नाही. कंपनीच विद्यार्थ्यांना शिकण्यापुरती विनापरवाना चालवू देते, फक्त तिच्यात नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येतात. त्यामुळे थोरलीच्या वहीतल्या दुकानात सगळी खरेदी, सगळी विक्री, नोकरांचा पगार आणि विजेचं बिल याच तीन दिवसांत उरकतं. अब्बा तिच्या मागे उभे राहून नव्या चष्म्यातून बघतात आणि विचारतात, "बाकीचे दिवस दुकान बंद का असतं गं?"