बॅग घेण्याआधी रजा मोजली

वर्षातून एकदा गणपतीला गावी, एवढाच आम्हा मायलेकींचा प्रवास. चाळिशी उलटली तेव्हा फार वाटायला लागलं, दर महिन्या-दोन महिन्यांनी कुठेतरी जाऊन यावं. सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नव्हतं, म्हणून दादरच्या बाजारात बॅग बघायला निघाले. शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, "रजा किती शिल्लक आहे गं तुझी?" मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं. अर्जित रजा म्हणजे काम करून साठवलेली सुट्टी. आपल्या राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलंय, की वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पगाराच्या चिठ्ठीवर शिल्लक रजेचा रकाना कायम होता.

मग पैसे. मोठा टीव्ही हप्त्यावर घ्यायचं ठरत होतं, ते सोडलं. तेवढीच रक्कम पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाकते. आईला हे पटायला वेळ लागला.

सावंतवाडीची तुतारी एक्स्प्रेस दादरहूनच सुटते, म्हणून आधी तीच धरली. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४पूर्वी ते १२० दिवस होतं. खिडकीपाशी अर्ज भरताना मागच्या आजोबांनी थांबवलं. "शनिवारी जेवून निघणार ना? गाडी बाराच्या पुढची आहे. तारीख रविवारची घाला, बाई." हे मला कधीच सुचलं नसतं.

एसटीने साताऱ्याला निघालो तेव्हा मी दोन पूर्ण तिकिटांचे पैसे काढले. कंडक्टरने आईचं आधार कार्ड पाहिलं आणि बरेचसे परत केले. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास मोफत, बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच, हेही त्यांनीच सांगितलं.

पण आम्हाला खरं मोकळं केलं ते चाळीने. बीडीडीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. कुलूप लावलं, चावी काकूंकडे दिली की झालं. पाणी त्या भरतात, तुळशीला घालतात, कुणी आलं तर निरोप घेतात. त्यांच्या नातवाच्या परीक्षेत आम्ही मुद्दाम घरी राहतो. असं माणूस नसेल, तर रजा आणि पैसे असूनही घर सोडवत नाही.

आता म्हाडाकडून या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, याचा आनंद आहेच. पण घरं सोडतीने ठरतात. काकू कुठल्या मजल्यावर जातील, कोण जाणे. नायगावातल्या, वरळीतल्या, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे: सामान हलवण्याआधी आपल्या शेजाऱ्यांचा नवा मजला आणि फोन नंबर लिहून घ्या.